हाफकिन : लस आणि लांच्छन

प्लेगच्या साथीत गाव ओस टाकून रानातील खोपट्यांत राहिल्याच्या ऐकीव आठवणी सातारा-सांगलीकडील जुन्या घरांत अजूनही निघतात. त्या रोगावरील लस सिद्ध करणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांचे चरित्र आजच्या संशोधकांनी, तसेच रुग्णांनीही आठवावे असे आहे.

ओडेसा येथे १८६० मध्ये जन्मलेले हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झाले. मुंबईत प्लेग उद्भवताच ग्रँट मेडिकल कॉलेजातील तोकड्या जागेत त्यांनी लस बनविली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. इतरांना सांगण्यापूर्वी धोका आपण पत्करावा, हा त्यांचा दंडक होता.

परंतु १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला व हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, या साक्षीस प्रथम महत्त्व मिळाले नाही. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी जाहीर बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. मात्र मुंबईची प्रयोगशाळा पुन्हा त्यांच्या हाती आली नाही. तिला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझान येथे ते निवर्तले.

उपचार म्हटला की धोका आलाच. तो परिषदांतील टाळ्यांत दडवू नये आणि दुर्घटना घडताच घाईने दोषी ठरवूही नये. चूक नेमकी कोठे झाली, हे शोधणे हाच मृतांना न्याय आणि जिवंतांना आधार होय.