आघाताच्या खुणा वाचणारे रामन

दरवर्षी २८ फेब्रुवारीला शाळाशाळांतून राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो आणि सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे स्मरण प्रकाशाच्या विकिरणासंबंधीच्या शोधामुळे केले जाते. ते उचितच आहे. परंतु १९२८ च्या त्या शोधापूर्वी दहा वर्षे हेच संशोधक धातूचे गोल एकमेकांवर आदळवून त्यांची छायाचित्रे घेत होते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील गणित व भौतिकशास्त्राचे अध्यापक होते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून एम.ए. झाल्यावर १९०७ मध्ये ते सरकारी वित्तखात्यात अधिकारी म्हणून कलकत्त्यास गेले. नोकरी मानाची होती, वेतनही भरघोस. पण कचेरीपूर्वीची पहाट आणि कचेरीनंतरची रात्र बोबाजार रस्त्यावरील ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेच्या प्रयोगशाळेत जाई. १९१७ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि कितीतरी कमी वेतनावर विद्यापीठातील प्राध्यापकपद पत्करले. संसारी माणसाला हा निर्णय सोपा नव्हता.

व्हायोलिन, तबला, मृदंग, पियानो या वाद्यांचा ते त्या काळी अभ्यास करीत. हातोडी तारेवर आदळते तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न वाद्यांचा, तसाच पदार्थविज्ञानाचाही. टांगलेले दोन गोल अत्यंत मंद गतीने एकमेकांवर येऊ दिले, तर ते किती वेगाने परततात, हे रामन यांनी छायाचित्रांवरून मोजले आणि १९१८ मध्ये प्रसिद्ध केले. टक्कर जसजशी हलकी होत जाते, तसतसा परतीचा वेग येण्याच्या वेगाला जवळजवळ गाठतो, असे त्यांना दिसले. टक्कर जोराची असेल, तर धातूवर कायमचा खळगा पडतो आणि तो पाडण्यात ऊर्जा खर्ची पडते. उसळी तेवढी कमी होते. म्हणजे उसळीवरूनही धातूची जात ओळखता येते. स्वीडनमधील अभियंते ब्रिनेल यांनी १९०० च्या सुमारास कठीण पोलादी गोळी ठराविक भाराने धातूत दाबून, खळग्याच्या व्यासावरून त्याचा कठीणपणा ठरविण्याची रीत घालून दिली होती. रामन यांचा मार्ग निराळा असला, तरी प्रश्न त्याच कुळातला होता.

पुढे जाड काचेवर पोलादी गोळी सोडून त्यांनी आत उमटणारी शंकूच्या आकाराची भेग तपासली. साधन काय, तर एक गोळी आणि एक काच! पाहणारी दृष्टी मात्र असामान्य होती.

आज बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत हिऱ्याचे अतिसूक्ष्म टोक धातूत रुतवून नॅनोमीटरच्या मापाने खोली मोजली जाते. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. याच संस्थेचे पहिले भारतीय संचालक म्हणून रामन १९३३ मध्ये या नगरीत आले. नोबेल पारितोषिक तीन वर्षांपूर्वीच मिळाले होते. तरीही पैशांचा विनियोग आणि कारभाराची पद्धत यांवरून तीव्र मतभेद झाले आणि १९३७ मध्ये त्यांना संचालकपद सोडावे लागले. त्यांचा स्वभाव तापट होता, शब्द जिव्हारी लागत. दोष सर्वस्वी दुसऱ्या बाजूचा होता असे म्हणता येत नाही. ज्या संस्थेचे ते प्रमुख होते, तेथेच ते पुढे १९४८ पर्यंत केवळ प्राध्यापक म्हणून राहिले आणि विद्यार्थी घडवीत राहिले. पारितोषिकापेक्षाही ही अकरा वर्षे अधिक कठीण असावीत.

निवृत्त होताच साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जागेवर स्वतःची संस्था उभारली. त्यासाठी सरकारी अनुदान घेतले नाही, देणग्या मिळविल्या. वीज येण्यापूर्वीच आरशाने सूर्याची तिरीप आत वळवून प्रयोग सुरू झाले होते. पन्नाच्या हिऱ्यांसह नाना खनिजांचा संग्रह त्यांनी हौसेने जमविला. १९५८ च्या सुमारास, सत्तरीच्या घरात, ते स्फटिकांवरील आघाताच्या खुणांकडे पुन्हा वळले.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार त्यांच्या संस्थेच्या बागेतच झाले आणि त्या जागी एक झाड लावण्यात आले.