हॉवर्ड ह्यूज आणि मंत्रचळ (ओसीडी)

हात धुऊन धुऊन बोटांच्या बेचक्यांत भेगा पडलेला पेशंट सहसा मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नाही. तो आधी माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरकडे येतो आणि मलम मागतो. साबण बदलला का, भांडी कोण घासतं, असं विचारत गेलं की हळूहळू खरी गोष्ट बाहेर येते. बरोबर आलेली बायको किंवा आई मान खाली घालून ऐकत असते, कारण तिला सगळं आधीपासून माहीत असतं. बाहेरून आल्यावर मुलांना आंघोळ घालणं, दुधाची पिशवी धुऊन देणं, कडी नीट लागल्याचं पाच वेळा सांगणं, हे सगळं तीच करत असते. पेशंटला त्रास होऊ नये म्हणून ती हे करते. आजाराला मात्र याच मदतीवर बळ मिळतं.

हे समजावताना मला अमेरिकेतल्या हॉवर्ड ह्यूजची आठवण होते. त्याच्या घरात हे काम करायला पगारी माणसं होती आणि नाही म्हणणारं कुणीच नव्हतं.

ह्यूजचा जन्म १९०५ साली टेक्सासमध्ये झाला. वडिलांनी तेलविहिरी खणण्यासाठी नव्या प्रकारचं ड्रिल बिट काढलं होतं, त्यामुळे घरात पैसा भरपूर होता. आई ॲलीन हिला मुलाच्या प्रकृतीची कमालीची काळजी असे. तो काळ पोलिओच्या साथींचा होता. १९१६ ची साथ तर अमेरिकेत फार मोठी होती. ती रोज मुलाचे पाय, दात, पोट तपासत असे आणि आजारी मुलांपासून त्याला दूर ठेवत असे. तेरा-चौदाव्या वर्षी एकदा त्याचे पाय अचानक गेले. काही काळ तो चालू शकला नाही. तपासणीत काही सापडलं नाही, आणि पुढे तो बरा झाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आया लगेच स्वतःला दोष देतात. केवळ आईच्या काळजीमुळे ओसीडी होत नाही. आनुवंशिकता, मेंदूतल्या काही जोडण्यांचं काम आणि परिस्थिती हे सगळं मिळून तो होतो. शंभर माणसांमागे साधारण एक ते तीन जणांना आयुष्यात कधीतरी तो होतो. काळजीच्या वातावरणामुळे भीतीला विषय मिळतो, इतकंच म्हणता येईल. ह्यूजच्या बाबतीत तो विषय जंतू हा होता.

१९२२ मध्ये आई गेली, १९२४ मध्ये वडील. अठराव्या वर्षी तो एका मोठ्या कंपनीचा मालक झाला आणि हॉलिवूडला जाऊन चित्रपट काढू लागला. १९३० च्या ‘हेल्स एंजल्स’ या चित्रपटात विमानांच्या लढाईमागे हवे तसे ढग दिसावेत म्हणून त्याने युनिटला महिनोन्‌महिने थांबवून ठेवलं. लोकांनी याला परिपूर्णतेचा ध्यास म्हटलं, आणि चित्रपट चाललाही. मंत्रचळाची सुरुवात बरेचदा अशी कौतुकाने होते. आपल्याकडेही आधी ‘फार टापटिपीची आहे’ असंच म्हणतात.

हाच माणूस विमानात बसला की निर्भय असे. १९३५ मध्ये त्याने स्वतःच्या एच-१ विमानातून ताशी सुमारे ५६७ किलोमीटरचा विक्रम केला. १९३८ मध्ये चार सहकाऱ्यांसह चार दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली आणि न्यूयॉर्कने त्याची मिरवणूक काढली.

पेशंट बरेचदा इथेच गोंधळतात. मी घाबरट नाही, मग मला चिंतेचा आजार कसा, असं ते विचारतात. चिंतेच्या आजाराचा धाडसाशी संबंध नसतो. भयगंडात, म्हणजे फोबियात, माणूस एका ठरावीक गोष्टीला भितो आणि ती टाळतो, जसं उंची, कुत्रा, लिफ्ट. ती समोर नसली की तो बरा असतो. ओसीडीत नको असलेला विचार माणसाच्या डोक्यातच पुन्हापुन्हा येतो आणि त्याची बेचैनी घालवण्यासाठी तो एखादी कृती करतो, म्हणजे धुतो, तपासतो, मोजतो किंवा तेच वाक्य पुन्हा बोलतो. थोडा वेळ बरं वाटतं. त्या सुटकेमुळे मेंदू शिकतो की ही कृती केली म्हणूनच आपण वाचलो. मग पुढच्या वेळी तीच कृती आणखी वेळ करावी लागते.

ह्यूज चाळिशीजवळ आला तेव्हा तो फोनवर तेच वाक्य पुन्हापुन्हा बोलतो, हे त्याचा जुना सहकारी नोआ डिट्रिच याच्या लक्षात आलं होतं. ७ जुलै १९४६ रोजी एक्सएफ-११ या विमानाची चाचणी घेताना तो बेव्हर्ली हिल्समधल्या घरांवर कोसळला. बरगड्या मोडल्या, फुप्फुस दबलं, अंग भाजलं. वेदनांसाठी आधी मॉर्फिन आणि मग कोडीन दिलं गेलं. ते कोडीन पुढे सुटलंच नाही. त्याच्या नंतरच्या वागण्यात ओसीडीचा वाटा किती, औषधाच्या व्यसनाचा किती आणि डोक्याला झालेल्या इजांचा किती, हे आज वेगळं करता येत नाही. मृत व्यक्तीचं निदान लांबून करताना एवढी सावधगिरी हवीच.

तरीही त्याच्या सूचनांचे लेखी कागद वाचले की डॉक्टरला चित्र ओळखीचं वाटतं. फळांचा डबा उघडण्याच्या कामाचे त्याने नऊ टप्पे लिहून दिले होते. टेबल कसं मांडायचं, डबा कसा घासून धुवायचा, हात कसे स्वच्छ करायचे, फळ वाटीत काढताना शरीराचा कोणता भाग किती लांब ठेवायचा, हे सगळं त्यात होतं. त्याला ऐकू कमी येई, म्हणून श्रवणयंत्र लागे. त्याची वायर कपाटातून काढण्यासाठीही कागदी रुमालांचे किती थर हातात धरायचे हे ठरलेलं होतं. मदतनीस पांढरे हातमोजे घालून त्याच्यासाठी टाइप करत. १९५८ च्या सुमारास तो चित्रपट पाहायला एका स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत गेला आणि काही महिने बाहेरच आला नाही. चॉकलेट आणि दूध यांवर राहिला. भोवती कागदी रुमालांच्या खोक्यांची रास असे.

१९६६ च्या नोव्हेंबरमध्ये तो लास व्हेगासच्या डेझर्ट इन हॉटेलात उतरला. वरचे दोन मजले त्याने अडवून ठेवले. मालकांनी जागा रिकामी करायला सांगितली, तेव्हा पुढच्या वर्षी त्याने हॉटेलच विकत घेतलं. खिडक्या झाकलेल्या होत्या, आणि जवळजवळ चार वर्षं तो त्या खोल्यांबाहेर पडला नाही. एखाद्या सामान्य माणसाला नोकरी, भाडं, रेशन यांसाठी रोज दार उघडावंच लागतं. आजाराला त्यामुळे थोडी तरी अडकाठी होते. ह्यूजच्या पैशाने ती अडकाठीही काढून टाकली.

मग जंतूंना भिणारा हा माणूस शेवटी स्वच्छ राहिला का? अजिबात नाही. केस-दाढी वाढलेली, नखं लांब, आंघोळ क्वचित, आणि लघवी बाटल्यांत साठवलेली. ओसीडी म्हणजे स्वच्छतेची आवड असं समजणाऱ्यांना हे विचित्र वाटेल. पण धुण्याचा विधी इतका लांब आणि थकवणारा होतो की काही पेशंट धुणंच टाळू लागतात. माझ्याकडे आंघोळीला दोन तास लागतात म्हणून आठवडाभर आंघोळ न केलेला पेशंट आलेला आहे. मृत्यूनंतर वारसांच्या वकिलांच्या सांगण्यावरून मानसशास्त्रज्ञ रेमंड फाउलर यांनी ह्यूजच्या आयुष्याची कागदपत्रं तपासली. त्यांचा निष्कर्ष असा होता की त्याच्या मते जंतू बाहेरून येत होते. स्वतःच्या घाणीची त्याला भीती नव्हती.

त्याच्या पगारावर डॉक्टरही होते. माझ्या पेशातल्या लोकांबद्दल लिहायला जड जातं, पण औषधं त्याला मिळत राहिली आणि आजारावर उपचार झाले नाहीत. नोकराने मालकाचं ऐकावं हे समजू शकतो. डॉक्टरही जेव्हा नोकर होतो, तेव्हा पेशंटला डॉक्टर उरत नाही.

५ एप्रिल १९७६ रोजी अकापुल्कोहून ह्यूस्टनला नेत असताना विमानातच तो गेला. वय ७०. सहा फुटांहून उंच असलेल्या या माणसाचं वजन साधारण ४२ किलो भरलं. ओळख पटवायला बोटांचे ठसे घ्यावे लागले. मृत्यू मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे झाला होता, आणि क्ष-किरण तपासणीत दंडात तुटलेल्या सुयांचे तुकडे दिसले.

वाईट वाटतं ते याचं, की तो डेझर्ट इनमध्ये शिरला त्याच १९६६ साली लंडनच्या व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने ओसीडीच्या दोन रुग्णांवरच्या उपचाराचा अहवाल छापला होता. रुग्णाला भीती वाटणाऱ्या गोष्टीजवळ न्यायचं आणि विधी करू द्यायचा नाही, ही त्याची पद्धत. बेचैनी वाढते, शिगेला जाते आणि मग आपोआप उतरू लागते. पुन्हापुन्हा हे अनुभवलं की मेंदूचा जुना धडा पुसट होतो. आज यालाच ईआरपी म्हणतात, आणि ओसीडीवरच्या मानसोपचारांत ती सर्वांत भरवशाची मानली जाते. जोडीला फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन यांसारखी औषधं किंवा क्लोमिप्रामिन देतात. ओसीडीत डोस बरेचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या बंद करणारे पेशंट मी नेहमी पाहतो. असं करू नका.

घरच्यांनी हे वाचून उद्यापासून सगळी मदत एकदम तोडू नये. त्याने भांडणं होतात आणि पेशंट उपचारच सोडतो. मी नातेवाइकांना आठवडाभर एक वही ठेवायला सांगतो: त्याच्या भीतीपायी आपण काय काय करतो, किती वेळा खात्री देतो, काय धुतो, कुठे जाणं टाळतो. ही वही घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्यातली सर्वांत सोपी गोष्ट आधी, पेशंटला विश्वासात घेऊन, थेरपिस्टच्या सल्ल्याने कमी करायची असते. जवळ तज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोन पेशंटने केला नाही, तर तुम्ही केला तरी चालतो.