सिंदखेडचा वाडा आणि राजे लखुजी जाधवराव

आपल्या वऱ्हाडातील नरनाळा व गाविलगड हे लढण्याचे किल्ले. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथील वाडा मात्र कुटुंबाच्या निवासासाठी उभारलेला. त्याचे दगडी प्रवेशद्वार आजही ताठ उभे आहे. आतील वास्तू मात्र बव्हंशी भग्न झाली आहे. या वाड्याचे धनी राजे लखुजी जाधवराव.

लखुजीराजे देवगिरीच्या यादवांच्या कुळातील मानले जातात. सिंदखेडची देशमुखी सांभाळीत त्यांनी अहमदनगरच्या निजामशाहीत पराक्रमाने थोर पद संपादन केले. त्यांच्या पत्नी म्हाळसाबाई. याच वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी त्यांस कन्यारत्न झाले. त्याच राजमाता जिजाबाई. वेरूळकर मालोजीराजे भोसले यांचे पुत्र शहाजीराजे हे लखुजीराजांचे जामात झाले.

त्या काळी वतन व फौज राखावयाची तर कोणत्या तरी तख्ताचा आश्रय अपरिहार्य होता. मलिक अंबराशी बेबनाव होऊन लखुजीराजे मोगलांस मिळाले. परिणामी १६२४ साली भातवडीच्या संग्रामात सासरे एका पक्षास व जामात दुसऱ्या पक्षास, असा दुर्धर प्रसंग ओढवला. पुढे ते पुन्हा निजामशाहीकडे वळले. परंतु मूर्तजा निजामशहाचे मन संशयाने ग्रासले होते. १६२९ साली दौलताबादच्या दरबारात मुजऱ्यास गेले असता लखुजीराजे, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांचा विश्वासघाताने वध करण्यात आला. एका घराण्याच्या तीन पिढ्या एकाच दिवशी कापल्या गेल्या.

शहाजीराजांनी निजामशाहीचा त्याग केला. त्या समयी जिजाबाई गर्भवती होत्या. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवराय जन्मास आले. परक्या तख्ताच्या मर्जीवर उभे असलेले वैभव किती क्षणभंगुर, हे त्या मातेने माहेरच्या रक्ताने जाणले होते. ६ जून १६७४ रोजी पुत्र स्वतःच्या सिंहासनावर विराजमान झालेला तिने पाहिला आणि अकरा दिवसांनी देह ठेविला.

दरवर्षी १२ जानेवारीस सिंदखेडराजा येथे अफाट जनसमुदाय लोटतो. समाजबांधवांनी जिजाऊंच्या जन्मस्थानी मस्तक नमवावेच. परंतु त्याच गावी असलेल्या लखुजीराजांच्या भव्य समाधीपाशीही क्षणभर थांबावे. पित्याचे हे शल्य ध्यानी घेतल्यावाचून कन्येच्या ध्येयाचे मोल पुरतेपणी उमगावयाचे नाही.