विधी महाविद्यालयाबाहेर घडलेले कायदेपंडित

भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कोणत्याही विधी महाविद्यालयाची एलएल.बी. पदवी घेतली नव्हती. कोलंबिया आणि लंडन येथील त्यांच्या उच्च पदव्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र हा होता.

१९१६ मध्ये लंडनला पोहोचल्यावर त्यांनी ग्रेज इन या संस्थेत नाव नोंदविले. त्या काळी बॅरिस्टर होण्यासाठी महाविद्यालयीन पदवी आवश्यक नसे. संस्थेचे सदस्यत्व, ठरावीक सत्रांतील सहभोजनांस उपस्थिती आणि परीक्षा एवढ्यावर सनद मिळे. अभ्यास बहुतांशी विद्यार्थ्याने स्वतःच करावयाचा असे. मात्र १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना अर्ध्यातूनच परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पै-पै साठविली. शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ग्रंथालयांतील दीर्घ वाचन आणि अर्धपोटी दिवस यांतून १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले.

१९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, तेव्हा विद्वत्तेआधी जात आडवी आली. सॉलिसिटर काम देत नसत. गोरगरिबांचे लहान खटले हाच आरंभीचा आधार होता. १९२६ मध्ये पुण्यातील जेधे-जवळकर यांच्या बदनामीच्या खटल्यात अपिलात मिळविलेल्या यशाने त्यांच्या युक्तिवादाचा लौकिक पसरला. महाडच्या चवदार तळ्याचा दावा तर दहा वर्षे चालला. १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या बाजूने लागला. रस्त्यावर मागितलेला पाण्याचा हक्क न्यायालयातही सिद्ध झाला.

दरम्यान १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. जेथून पदवी घेतली नाही, तेथे ते विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक झाले.

पुढील कार्यभूमी दिल्ली. ऑगस्ट १९४७ मध्ये मसुदा समितीची धुरा त्यांच्या खांद्यावर आली. प्रकृती ढासळत असतानाही त्यांनी संविधान सभेत कलमामागून कलमाचे समर्थन केले आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले. हिंदू कोड बिल रखडल्यावर १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपदाचा त्याग केला. त्यानंतरचे त्यांचे वास्तव्य २६, अलीपूर रोड येथे होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी तेथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज त्या जागी राष्ट्रीय स्मारक उभे आहे. दिल्लीतील मराठी विद्यार्थ्याने ते एकदा तरी पाहावे. शिकण्याची एक वाट बंद झाली, तर दुसरी स्वकष्टाने घडविता येते, याची ती वास्तू साक्ष देते.