वळणावरचा विजेता : माइक हेलवूड

चांदूर रेल्वेहून अमरावतीपर्यंत जुन्या बुलेटवर गेलेल्या माणसाला एक अनुभव हटकून येतो. गाडीवरून उतरल्यावरही बराच वेळ तळहातांना मुंग्या येत राहतात. या गाडीचे इंजिन लोखंडी सांगाड्याला बोल्टांनी घट्ट आवळलेले असते आणि त्याचा प्रत्येक हादरा हँडलपर्यंत पोहोचतो. मग मध्ये रबर का घालू नये? घालता येते, पण रबर हादरा गिळते तसे ते लवतेही. शिवाय घट्ट बसवलेले इंजिन सांगाड्याला जी बळकटी देते, ती रबर घातल्यावर जाते. हात सुखावतात, पण वळणावर गाडी डुलू लागण्याचा धोका वाढतो. वेग आणि तोल यांचे हे भांडण ज्याने आयुष्यभर अंगावर घेतले, त्या माइक हेलवूडची ही कथा.

२ एप्रिल १९४० रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरात त्याचा जन्म झाला. वडील मोटारसायकलींचे मोठे व्यापारी. श्रीमंत बापाचा लाडका लेक म्हणून लोकांनी प्रथम नाके मुरडली. परंतु १९६१ साली आयल ऑफ मॅन बेटावरील टी.टी. शर्यतींत एकाच आठवड्यात त्याने तीन विजय मिळविले आणि टीकाकार गप्प झाले. त्यांपैकी ५०० सी.सी.चा विजय एका सिलिंडरच्या नॉर्टनवर होता. तिची ताकद बेताची, पण मॅककँडलेस बंधूंच्या कल्पनेतून उतरलेला तिचा सांगाडा वळणावर खडकासारखा स्थिर!

१९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षे एमव्ही अगुस्ता या इटालियन गाडीवर तो ५०० सी.सी.चा जगज्जेता ठरला. १९६६ मध्ये तो होंडाच्या चार सिलिंडरच्या गाडीवर बसला. तिच्यात ताकद अफाट होती, पण वळणावर ती साप वळवळावा तशी वळवळे. १९६७ च्या टी.टी.त तर तिची ॲक्सिलरेटरची मूठही सैल झाली. तरीही त्याने ताशी १०८.७७ मैलांची फेरी मारली. तो विक्रम १९७५ पर्यंत अबाधित राहिला. ही शर्यत त्याने जिंकली. जगज्जेतेपद मात्र हुकले. त्याचे आणि जाकोमो अगोस्तिनीचे गुण सारखे, विजयही पाच-पाच. दुसऱ्या क्रमांकांच्या हिशेबात अगोस्तिनी सरस ठरला.

नियतीची गंमत अशी की, त्याच १९६७ साली नॉर्टनने कमांडो ही गाडी लोकांपुढे आणली. तिचे इंजिन, गिअरबॉक्स व मागचे चाक मिळून एक गट केला होता आणि तो रबरावर बसविला होता. रबराला वर-खाली हलायची मुभा. आडवे हलणे मात्र पातळ चकत्यांनी रोखलेले. मोकळीक केवळ पाव मिलिमीटरच्या आसपास. ती वाढली की गाडी डुले, घटली की हादरे परत येत. याच तत्त्वावर इंजिन बसविलेल्या नॉर्टनवर पीटर विल्यम्सने १९७३ मध्ये टी.टी.ची एक शर्यत जिंकली.

हेलवूड तोवर मोटारींच्या शर्यतींकडे वळला होता. १९७३ मध्येच दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे त्याची व क्ले रेगाझोनीची मोटार एकमेकींवर आदळल्या. रेगाझोनी पेटत्या गाडीत अडकला. हेलवूडच्या कपड्यांनीही पेट घेतला. ती आग विझवून तो पुन्हा ज्वाळांत शिरला आणि त्याला वाचविण्यासाठी झटला. रेगाझोनी वाचला. या धैर्याबद्दल हेलवूडला जॉर्ज पदक मिळाले. पुढच्याच वर्षी जर्मनीतील अपघाताने त्याची मोटार-कारकीर्द संपविली.

पायाची ती दुखापत घेऊन, अकरा वर्षांच्या खंडानंतर, १९७८ मध्ये तो टी.टी.त परतला आणि डुकाटीवर जिंकला. १९७९ मध्ये सुझुकीवर चौदावा विजय मिळवून तो थांबला.

मार्च १९८१ मध्ये साध्या रस्त्यावर, वळण घेणाऱ्या एका ट्रकवर त्याची मोटार आदळली. नऊ वर्षांची मुलगी मिशेल जागीच गेली; २३ मार्चला तोही गेला. मुलगा बचावला. शर्यतीतल्या हजारो वळणांनी ज्याला सोडले, त्याला अखेर दुसऱ्याच्या एका वळणाने गाठले.

कमांडोच्या रबराला जे पाव मिलिमीटरात साधावे लागले, ते या माणसाने होंडावर आपल्या दोन हातांनी साधले. ताकद कारखाना देतो. तोल मात्र ज्याचा त्यालाच सांभाळावा लागतो.