सरफोजी राजे: तंजावरच्या मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांची वंशावळ का कोरली गेली?

भंडारा जिल्ह्यात भोसले म्हटलं की आठवतात नागपूरकर. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, वारस मान्य न करता इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि भंडाराही त्यांच्या ताब्यात गेला. पण वारस कोण, हा प्रश्न पार तामिळनाडूतल्या दुसऱ्या एका भोसले घराण्याला त्याआधीच छळत होता.

हे घराणं म्हणजे तंजावरचे भोसले. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५च्या सुमारास तिथे राज्य मिळवलं. वेरूळ मागे पडलं, आजूबाजूला तामिळ आणि तेलुगू आली, पण दरबारात मराठी राहिली आणि कागद मोडीत लिहिले जात राहिले.

सरफोजी दुसरे यांचा जन्म १७७७ चा. ते याच कुळातल्या एका बाजूच्या शाखेतले. १७८७ मध्ये राजे तुळजाजींनी मरणाआधी त्यांना दत्तक घेतलं. त्यांच्यावर लक्ष ठेवायला नेमले ख्रिस्ती मिशनरी श्वार्ट्झ. पण तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनी हरकत घेतली. पंडितांचं मत मागवलं गेलं, दत्तक अवैध ठरलं आणि गादी अमरसिंगांना मिळाली. लहानग्या सरफोजींना नंतर मद्रासला हलवावं लागलं. तिथे त्यांचं इंग्रजी शिक्षण झालं.

पुढे इंग्रजांनी निर्णय फिरवला. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले खरे, पण पुढच्याच वर्षी तहात राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला आणि ठरलेलं उत्पन्न.

म्हणजे ज्याच्या वारसा हक्कावरच शंका घेतली गेली होती, त्याच्या हातात आता सत्ताही नव्हती. १८०३ मध्ये या राजाने बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. मजकूर लिहिला बाबूराव चिटणीसांनी. मालोजी, शहाजी, व्यंकोजी असं करत तो सरफोजींपर्यंत येतो. हा ‘भोसले वंश चरित्र’ लेख मराठीतल्या सर्वात मोठ्या शिलालेखांपैकी एक. अर्थात, जुन्या पिढ्यांबद्दल तो घटनांनंतर फार उशिरा लिहिलेला आहे, त्यामुळे त्यातली प्रत्येक गोष्ट इतर कागदांशी ताडूनच घ्यावी लागते.

सरफोजींचं दुसरं मोठं काम म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय. ते आधीपासून होतं, पण त्याला आजचं रूप दिलं यांनी. १८२० मध्ये मोठा लवाजमा घेऊन ते काशीला गेले आणि येताना हस्तलिखितंही आणली. दरबाराचे मोडी कागद आजही तंजावरच्या मराठी कुटुंबांच्या इतिहासाचं मोठं साधन आहेत.

सरफोजी १८३२ मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना गेले आणि नागपूरपाठोपाठ तंजावरही खालसा झालं. भिंतीवरचा मजकूर १८०३ पाशीच थांबतो, त्यामुळे हे शेवटचं प्रकरण त्यात नाही.