टायपिंग करणारी व्हेरिटी

मुलगी टायपिंग-शॉर्टहँड शिकली की कुठंतरी चिकटेल, हा हिशेब आपल्याकडं घरोघरी होता. लंडनमध्येही काही वेगळं नव्हतं. २७ नोव्हेंबर १९३५ला तिथं जन्मलेल्या व्हेरिटी लॅम्बर्टची पहिली नोकरी होती हॉटेलचे मेनू टाइप करण्याची. पुढं एका टीव्ही कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागली, तर सहा महिन्यांत काढून टाकलं! ती खचली नाही. दुसऱ्या कंपनीत पुन्हा टायपिंगपासून सुरुवात केली आणि नाट्यविभागात सहायक झाली.

१९५८ मध्ये तिथं एका नाटकाचं थेट प्रक्षेपण चालू असताना एक नट अचानक वारला. दिग्दर्शक बाकीच्या नटांना सावरायला धावला आणि कॅमेऱ्यांची सूत्रं व्हेरिटीनं सांभाळली. नाटक पार पडलं.

तिथले विभागप्रमुख सिडनी न्यूमन पुढं बीबीसीत गेले. शनिवारी संध्याकाळी शाळकरी मुलांनी घरच्यांसोबत पाहावी अशी मालिका त्यांना हवी होती. १९६३ मध्ये त्यांनी २७ वर्षांच्या व्हेरिटीला निर्माती केलं. बीबीसीच्या नाट्यविभागात तेव्हा ती सर्वांत तरुण आणि एकटीच स्त्री निर्माती! पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते लखनौत जन्मलेले वारिस हुसैन, तेही विशीतलेच.

ही मालिका म्हणजे ‘डॉक्टर हू’. काळातून प्रवास करणारे आजोबा, त्यांची पंधरा वर्षांची नात आणि तिचे दोन शिक्षक. पहिला भाग न्यूमनना पसंत पडला नाही, तो पुन्हा चित्रित करावा लागला. २३ नोव्हेंबरला तो दाखवला, तर आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झालेली. मालिकेकडं लक्ष कोण देणार? पुढच्या शनिवारी तो भाग परत दाखवला.

मग आले डॅलेक, पत्र्याच्या डब्यात राहणारे कर्कश आवाजाचे परग्रहवासी. असले राक्षस नकोत, असं न्यूमननी आधीच बजावलेलं. पण कथेत दम आहे हे व्हेरिटीनं ओळखलं होतं. साहेब चिडले, तरी ती हटली नाही. डॅलेकनी मुलांना अक्षरशः वेड लावलं आणि मालिका तगली.

१९६५ मध्ये तिनं ती सोडली. १९७४ मध्ये थेम्स टेलिव्हिजनची नाट्यविभागप्रमुख झाली, १९८५ मध्ये स्वतःची कंपनी काढली. २२ नोव्हेंबर २००७ला, मालिकेच्या ४४व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ती गेली.

त्याच वर्षीच्या एका भागात डॉक्टर आपल्या आईवडिलांची नावं सांगतो : सिडनी आणि व्हेरिटी. साहेबांशी वाद घालूनही तिनं कमावलेला हा मान!